टिपूच्या महालात शनिवारवाडा

बेंगळुरूला पोस्टिंग आली की मराठी माणूस आधी शहाजीराजांच्या खुणा शोधतो. मीही शोधल्या. फारसे काही हाती लागले नाही. मग एका रविवारी के. आर. मार्केटच्या गर्दीतून वाट काढत टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालात गेलो आणि समोर जणू आपल्याकडचा वाडाच उभा राहिला.

दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, वर निमुळते होत गेलेले, अंगावर उभ्या पन्हळी. दोन खांबांमध्ये पाकळ्यापाकळ्यांची महिरप. वरच्या मजल्यावर पुढे काढलेले सज्जे; पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सज्जातून टिपू दरबार चालवायचा. भिंतींवर वेलबुट्टी होती. रंग आता विटलाय, पण जिथे टिकलाय तिथे मान वर करून बराच वेळ पाहत राहावे असा. खाली संग्रहालयात टिपूच्या त्या प्रसिद्ध लाकडी वाघाची प्रतिकृती आहे. गर्दी तिथेच असते. मी वरच रमलो.

हैदर अलीने १७८१ मध्ये सुरू केलेले हे काम टिपूने १७९१ मध्ये पुरे केले. त्याच वर्षी २१ मार्चच्या रात्री कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला घेतला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांना मिळाले ते मे महिन्यात, श्रीरंगपट्टणच्या बाजूला. तोवर इंग्रज फौजेची उपासमार चालली होती. मराठ्यांच्या बाजाराने ती तगली. रसदीचे महत्त्व फौजी माणसाला वेगळे सांगायला नको.

टिपूविरुद्धचा तह १७९० मध्ये पुण्यात झाला. शनिवारवाड्यातला तो दरबार थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवला. चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यातही असेच खांब, अशाच महिरपी. म्हणजे ज्याच्यावर चालून जायचे ठरले, त्याचा दिवाणखाना आणि ठरवणाऱ्यांचा दिवाणखाना एकाच वळणाचे!

पुण्याचा तो दिवाणखाना १८२८ च्या आगीत गेला. आपल्याला चौथरे, तट आणि दिल्ली दरवाजा उरला. लहानपणापासून त्या चौथऱ्यांवर वाडा मनात उभा करत आलो होतो. त्या काळचे लाकडी बांधकाम डोळ्यांनी पाहायला मिळाले ते शत्रूच्या घरी.

हा महाल वाचला तो कामाला लागला म्हणूनही असेल. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर इथे सरकारी दप्तर आले आणि १८६८ मध्ये अट्टारा कचेरीत हलेपर्यंत याच महिरपींखाली कारकून फायली लिहीत बसले.