उजळणीच्या पानांतील उभ्या-आडव्या रेघा

जुनीं दप्तरें चाळतांना सनदा, महजर व शकावल्या यांच्या राशींत मधूनच एखाद्या मुलाच्या उजळणीचें पान हातीं येतें. त्यावर बहुधा मिति नसते, नांवही नसतें. सबब संग्राहक तें बाजूस सारतात. आम्हीही पूर्वीं असेंच करीत आलों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पंतोजींच्या शाळेंत मूल प्रथम धूळपाटीवर आंकडे गिरवी. पूर्णांकांचे पाढे झाले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी रांग लागे. सात-आठ वर्षांच्या मुलास ‘पाऊण’ म्हणजे काय हें समजावयाचें कसें? उत्तर या पानांतच आहे. पावास एक उभी रेघ (।), अर्ध्यास दोन (॥), पाऊणास तीन (॥।), चौथ्या रेघेची पाळी आली कीं पूर्णांक एकानें वाढे. आण्यास, म्हणजे रुपयाच्या सोळाव्या हिश्शास, आडवी वा तिरपी रेघ. अशा चार जमल्या कीं त्यांची एक उभी. कानानें ऐकलेला शब्द मुलानें डोळ्यांनीं मोजून घ्यावा, अशी ही योजना होती. केवळ घोकंपट्टी म्हणून या शिक्षणाची जी संभावना होते, ती आम्हांस अर्धीच खरी वाटते.

‘औट’ हा शब्द घ्या. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, त्याचें प्राकृत ‘अद्धुट्ठ’, त्यापासून आपला औट. म्हणजे ज्यांतील चौथा अर्धा आहे तें. नांव चौथ्याचा उल्लेख करतें, लेखन मात्र ३॥ असें तिनावर अर्धा दाखवितें. ‘अडीच’ व ‘दीड’ यांचीही हीच तऱ्हा. व्युत्पत्ति मुलास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्याचा अर्थ त्या दोन रेघांनीं भागे. भास्कराचार्यांची लीलावतीही (शके १०७२, इ. स. ११५०) आरंभीं परिभाषाच सांगते: चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. प्रमाण तेंच चारांचें व सोळांचें. यावरून रेघांची उत्पत्ति तेथें शोधण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

मोल्सवर्थच्या कोशामुळें (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) शब्दांचे अर्थ बऱ्याच अंशीं सुरक्षित आहेत. रेघांचें तसें नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं, आणि पुढें आण्यांचा हिशेब शाळेंतून उठला. आतां मोडी कागदाची नक्कल करणारा नवशिका १२॥ हे साडेबारा न वाचतां बारा वाचतो व रेघांस विरामचिन्ह समजतो; कोणी एकशें अकरांच्या धर्तीवर त्यांचे एकंही करतो. जमाबंदीच्या कागदांत अशी एक चूक पुढील सर्व बेरजा बिघडविते. रेघा वाचण्याचा सराव करावयास उजळणीच्या पानाइतकें सोपें साधन दुसरें नाहीं, कारण तेथें उत्तर आधींच ठाऊक असतें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, असें पान फाटकें असलें तरी टाकूं नये. त्याची टंकानें नक्कल न करतां छायाचित्र घ्यावें, म्हणजे रेघांचा कल व लांबी कळेल. आणि तें कोणत्या दप्तरांत, कोणत्या कागदांलगत सांपडलें, हें पानावर न लिहितां वेगळ्या चिठ्ठीवर टिपून सोबत ठेवावें.