पुरळ ओळखणारी आठ वर्षांची मुलगी

आजचा भाग जरा घरातूनच सुरू करते.

मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्याला ताप आला आणि लगेच पोटावर, पाठीवर पुरळ उठलं. मी रात्री फोनवर फोटो पाहत बसले. थोड्या वेळाने सगळी पुरळं सारखीच दिसायला लागली. आजी मात्र चष्मा लावून त्याच्याजवळ बसली. आधी तळहात बघितले, मग तळपाय, मग चेहरा. "कांजिण्याच गं. देवी नाहीत," म्हणाली. मला हसू आलं. देवी जगातून जाऊन किती वर्षं झाली! पण मग वाटलं, पुरळ पोटावर असताना तळहात बघायचे, हे हिला कोणी शिकवलं?

त्याचं उत्तर इतिहासात आहे. आपल्याकडे देवीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत टोचली गेली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं लस होती, तरी देवी होत्याच. 1967 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम जोरात सुरू केली आणि हळूहळू पद्धत बदलली. सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधायचा, त्याला वेगळं ठेवायचं आणि त्याच्या आसपासच्या प्रत्येकाला लस द्यायची. म्हणजे सगळा डाव एका गोष्टीवर आला: पुरळ ओळखणं. आणि ते ओळखणार कोण? दर गावात डॉक्टर कुठून आणायचा?

म्हणून कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन दारोदार, शाळांत, बाजारांत फिरले. "असं कोणी पाहिलंय का?" एवढाच प्रश्न. खबर देणाऱ्याला बक्षीस. भारतात ते शेवटी शेवटी हजार रुपयांवर गेलं, आणि त्या काळी हजार रुपये म्हणजे काय, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

लोक काय बघायला शिकले? देवीत आधी दोन-चार दिवस जोराचा ताप, अंग मोडून येणार. मग पुरळ. ते चेहऱ्यावर, हातापायांवर दाट, पोटावर कमी. तळहात-तळपायांवरसुद्धा. आणि एका जागचे सगळे फोड एकाच वयाचे. कांजिण्यांचं उलट: पोट-पाठीवर जास्त, आणि शेजारी शेजारी एक नवा लाल ठिपका, एक पाण्याचा फोड, एक खपली.

आता दोन माणसांच्या गोष्टी ऐका. 1975 चा ऑक्टोबर, बांगलादेशातलं भोला बेट. रहिमा बानू नावाच्या चिमुकलीच्या अंगावर पुरळ आलं. खबर दिली बिल्किसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने. तिला 250 टका बक्षीस मिळालं. देवीच्या घातक प्रकाराचा तो जगातला शेवटचा नैसर्गिक रोगी ठरला. रहिमा वाचली.

दोन वर्षांनी, सोमालियातलं मर्का शहर. अली माओ मालीन, इस्पितळातला तरुण स्वयंपाकी. देवीच्या रोग्यांना घेऊन आलेल्या गाडीत तो रस्ता दाखवायला बसला, थोडाच वेळ. 22 ऑक्टोबर 1977 ला ताप आला. मलेरिया समजून उपचार झाले. चार दिवसांनी पुरळ उठलं. कांजिण्या म्हणून घरी पाठवलं. देवी आहेत हे कळायला आणखी काही दिवस गेले. मग शहरभर धावपळ, 50,000 हून जास्त लोकांना लस. नशीब, त्याच्यापासून कोणालाच लागण झाली नाही. सौम्य प्रकारच्या देवीचा तो शेवटचा नैसर्गिक रोगी. पुढे बरा झालेला हा मालीन पोलिओच्या मोहिमेत लोकांना लस घ्या म्हणून सांगत फिरायचा.

बघा हं, आठ वर्षांच्या पोरीला ओळखता आलं आणि इस्पितळात चुकलं. तिने निदान नव्हतं केलं. तिने फक्त "हे दाखवायला हवं" एवढं ठरवलं. आपलंही काम तेवढंच आहे.

देवी गेल्या, पण ते प्रश्न कामाचे आहेत. आधी काय झालं? ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ असेल, तर गोवर असू शकतो. दवाखान्यात आधी कळवून जा, तो फार पटकन पसरतो. नवीन औषध सुरू केलंय आणि तोंडात, डोळ्यांत फोड येतायत किंवा कातडी सोलवटतेय? त्याच दिवशी दाखवा. काचेचा पेला पुरळावर दाबून बघा; ताप आहे आणि लाल-जांभळे ठिपके दाबूनही फिके पडत नाहीत, तर सकाळची वाट बघू नका. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर सरळ इस्पितळ. आणि तान्ह्या बाळाला तापासोबत पुरळ आलं, तर घरगुती उपाय करत बसू नका.

आमच्याकडे सकाळी डॉक्टरांनी कांजिण्याच सांगितल्या. आजी म्हणाली, "मी काय वेगळं सांगितलं होतं?" मी म्हटलं, "आजी, मर्क्यातही कांजिण्याच म्हणाले होते." तिला ती सगळी गोष्ट सांगितली, तशीच तुम्हाला सांगितली.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.