सिंदखेडराजाची सोयरीक

जालन्याहून लोणारला निघालो होतो. सरोवर बघायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं, एवढाच बेत. सिंदखेडराजात शिरलो आणि गाडी थांबवावी लागली. समोर परण्या चालला होता. घोड्यावर नवरदेव, पुढे डीजे, भर उन्हात नाचणारी पोरं. शेजारी उभ्या आजोबांना विचारलं, "लग्न कुणाकडचं?" म्हणाले, "पोरगी आमच्या गावची. जिजाऊंच्या माहेरची." पत्ता सांगावा इतक्या सहज.

खरंच, या गावाची ओळख सासरी गेलेल्या एका मुलीवरून आहे. लखुजी जाधवरावांच्या कन्या जिजाऊ इथल्या राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जन्मल्या. आजही त्या तारखेला इथे मोठी गर्दी लोटते. त्यांच्या लग्नाची गोष्ट मात्र आपण लहानपणी ऐकतो आणि तिथेच सोडून देतो.

बखरींतली गोष्ट अशी. रंगपंचमीला लहानगे जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवत होते. लखुजी हसून म्हणाले, जोडा छान दिसतो. मालोजी भोसले लगेच उठले आणि भरल्या बैठकीला साक्षी ठेवून म्हणाले, जाधवराव आमचे व्याही झाले. जाधवांच्या घरात हे रुचलं नाही. ते मोठे सरदार, भोसले अजून वर चढत होते. पुढे निजामशहाने मालोजींचा मान वाढवला, तेव्हा कुठे लग्न लागलं.

इतिहासकार याला दंतकथा म्हणतात. तरी ती चारशे वर्षं टिकली, कारण तिच्यातला व्यवहार ओळखीचा आहे. तोलामोलाचं घर, दिलेला शब्द, चारचौघांची साक्ष. गोष्टीत सगळे बोलतात, नवरी सोडून. लग्नाचं साल बहुतेक ठिकाणी १६०५ दिलेलं असतं. म्हणजे तिचं वय जेमतेम सात.

पुढचं मात्र दंतकथा नाही. लखुजी निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली, तेव्हा शहाजी निजामशाहीच्या बाजूने लढत होते आणि लखुजी मोगलांच्या. सासरे एका फौजेत, जावई दुसऱ्या. नंतर लखुजी परत आले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, त्यांचा मुला-नातवासह खून झाला. यानंतर शहाजींनी निजामशाहीची चाकरी सोडली. रणांगणात तुटलेली सोयरीक सासऱ्यांच्या मरणानंतर अशी पाळली गेली.

या सगळ्यात जिजाऊ कुठे होत्या? वडील आणि तीन जिवलग एका दिवसात गेले, तेव्हा त्यांच्या पोटात मूल होतं. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्या सहा-सात महिन्यांबद्दल कागद जवळपास गप्प आहेत.

लग्नपत्रिकेत आपण अजूनही दोन घराण्यांच्या मिलनाबद्दल लिहितो. आमच्या कामात दोन सिस्टिम जोडणारा एकच दुवा असेल, तर सगळा ताण त्याच्यावर येतो, म्हणून त्याच्यावर आधी लक्ष ठेवतात. सोयरिकीत तो दुवा म्हणजे नवरी. भांडण व्याह्यांचं असतं, पण माहेर आणि सासर दोन्ही तिचीच असतात. सिंदखेडराजात लखुजींची दगडी समाधी उभी आहे. ती बघायला गेलात, तर सरदाराबरोबर एका मुलीचा बापही आठवा.