सिंगापूर ते न्यूयॉर्क : जगातील प्रदीर्घ विमानप्रवास

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कलगत न्यू जर्सी राज्यात असलेला नेवार्क विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १५,३४४ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या एक तृतीयांशाहून अधिक आहे. विमान ते कोठेही न थांबता साधारणतः १८ ते १९ तासांत कापते. पृथ्वीगोलावर सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो. मात्र, पूर्वेकडे जाताना पॅसिफिक महासागरावरील लांबचा मार्गही सोयीचा ठरतो. तेथे पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे पाठीशी असल्याने वेळ आणि इंधन दोहोंची बचत होते.

सिंगापूर एअरलाइन्सने ही थेट सेवा २००४ मध्ये चार इंजिनांच्या एअरबस ए-३४०-५०० विमानाने सुरू केली. इंधनखर्च न परवडल्याने ती २०१३ मध्ये बंद झाली. दोन इंजिनांचे, कमी इंधन लागणारे ए-३५०-९०० यूएलआर विमान आल्यावर २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. या विमानाच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी आसने अवघी १६१ असून, त्यात इकॉनॉमी वर्ग नाही. त्यामुळे कमी भाड्यात जाऊ इच्छिणाऱ्या प्रवाशाला वाटेत थांबणाऱ्या विमानाचाच पर्याय उरतो.