एक पाठ, अनेक प्रती : देहू-चाकण परिसरातील दोन प्रकारच्या संहिता

इंद्रायणीकाठच्या देहूहून आळंदीकडे निघालेला रस्ता तळवडे, चिखली, मोशी या गावांवरून जातो. त्याच्या एका अंगाला चाकण, तर दुसऱ्या अंगाला भोसरी आणि पिंपरी. मराठी पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा टापू नवा नाही. मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध झालेली तुकारामांची गाथा सिद्ध करताना विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ज्या हस्तलिखितांचा आधार घेतला त्यांत देहू, तळेगाव आणि कडूस येथील प्रती होत्या. पुढे चाकणच्या संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी जी गाथा छापली तिला त्यांनी ‘अस्सल’ असे विशेषण लावले. सरकारी गाथेतील साडेचार हजारांवर अभंगांच्या मानाने तिच्यातील अभंगांची संख्या पुष्कळच कमी आहे. एकाच कवीची वाणी, एका तालुक्याच्या अंतरात लिहिली गेली तरी, प्रतीगणिक निराळी होत गेली.

याच टापूत आज दुसऱ्या एका प्रकारच्या संहिता लिहिल्या जातात, नकलल्या जातात आणि दुरुस्त केल्या जातात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत आणि तिच्यासोबत टेल्को, बजाज आदींचे कारखाने आले. १९९९ साली बजाजचा चाकणचा कारखाना आणि २००९ साली तेथेच फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या वाहनात आता पोलादाइतकीच आज्ञावली असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या निकषांनंतर साध्या दुचाकीतही कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इंधन-अंतःक्षेपणाने घेतली, आणि इंधनाचा थेंब केव्हा व किती सोडायचा हे ठरवण्याचे काम एका लहानशा संगणकाकडे गेले. त्या संगणकाला दिलेल्या आज्ञा कोणीतरी लिहितो. मग तो नोकरी सोडतो, आणि त्या आज्ञा दुसऱ्या कोणाला वाचाव्या लागतात. लेखकाचा मृत्यू ही बार्थची संकल्पना १९६७ पासून आपण चर्चितो आहोत. आज्ञावलीच्या बाबतीत ती रोजची प्रशासकीय घटना आहे.

प्रस्तुत लेखात मला एवढेच तपासावयाचे आहे की, आज्ञावलीची निगा राखणे सुकर व्हावे म्हणून तिच्यातील गुंतागुंत आणि द्विरुक्ती कमी करण्याचा जो विचार गेल्या सत्तर वर्षांत घडत गेला, त्याचे स्वरूप तांत्रिक आहे की अर्थनिर्णयनाचे. माझ्या मते ते मुळात अर्थनिर्णयनाचे आहे. दोन परिच्छेद सारखे दिसतात एवढ्याने ते एकच पाठ ठरत नाहीत, हे आपल्या क्षेत्रात जुने ज्ञान आहे. संगणकाच्या क्षेत्राला ते बऱ्याच महागात पडून मिळाले.

आरंभ मात्र अत्यंत सोप्या गोष्टीने झाला. अभंगाच्या हस्तलिखितात ध्रुपद एकदाच लिहिलेले असते. पुढील प्रत्येक चरणानंतर ते पुन्हा म्हणावयाचे हे गाणाऱ्याला ठाऊक असते. लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात हा त्याचा लहान लाभ. मोठा लाभ असा की, ध्रुपदात एखादा शब्द सुधारला तर तो एकाच ठिकाणी सुधारावा लागतो. केंब्रिज येथील एडसॅक या यंत्रावर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यातील मध्यवर्ती कल्पना हीच होती. वारंवार लागणारा आज्ञांचा समूह एकदाच लिहून ठेवावा, हवा तेथून त्याला बोलवावे, आणि काम होताच जेथून बोलावले तेथे परत यावे. उपआज्ञावलींचा ग्रंथसंग्रह करावा असेही त्यांनी सुचवले. पुढील सर्व इतिहास हा एका अर्थाने या ध्रुपदाचाच विस्तार आहे.

गुंतागुंतीचा प्रश्न निराळ्या वाटेने आला. १९६८ साली डाइक्स्ट्रा यांनी एका नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात ‘अमुक ओळीवर उडी घे’ या प्रकारच्या आज्ञेवर आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा नीतीचा नव्हता, वाचनाचा होता. कागदावरील स्थिर मजकूर आणि काळात घडणारी क्रिया यांमधील अंतर वाचकाच्या बुद्धीला पेलेल इतके लहान असावे, असे त्यांचे म्हणणे. १९७६ साली मॅक्केब यांनी या अंतराला अंक दिला. आज्ञावलीतील निर्णयांच्या जागा मोजाव्यात, त्यात एक मिळवावा. बेरीज दहाच्या पुढे गेली तर त्या भागाकडे संशयाने पाहावे. हे मोजमाप ढोबळ आहे. एखाद्या कवितेतील उपवाक्ये मोजून तिची दुर्बोधता ठरवण्यासारखे ते वाटेल. पण त्याचा कायदेशीर उपयोग कसा होतो हे २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात दिसले. टोयोटाच्या मोटारीच्या अनाहूत वेगवाढीविषयीच्या खटल्यात फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञाने अशी साक्ष दिली की, इंजिनाच्या झडपेचा कोन ठरवणाऱ्या भागाची मॅक्केब-संख्या शंभराच्या पुढे आहे आणि म्हणून त्याची पुरती तपासणी शक्यच नाही. ज्यूरीने कंपनीविरुद्ध कौल दिला. तत्पूर्वी २०११ साली नासाच्या अभियंत्यांनी त्याच प्रकारच्या तक्रारींची तपासणी केली होती, आणि त्यांना त्या वेगवाढीचे इलेक्ट्रॉनिक कारण आढळले नव्हते. म्हणजे दोष सापडला असे म्हणता येत नाही. दोष नाही असे वाचून सांगता येत नाही, एवढेच म्हणता येते. दुर्बोधता हाच तेथे आरोप झाला. साहित्यसमीक्षेत असा खटला कधी उभा राहिला नाही, याबद्दल आपण कोणाचे तरी आभार मानावयास हवेत.

मोटार-उद्योगाने याआधीच आपली वाक्यरचना बांधून घेतली होती. १९९८ साली ब्रिटनमधील मिस्रा या संस्थेने सी भाषेच्या वापरासाठी १२७ नियम प्रसिद्ध केले. पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडीत मोटारींसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना हे नियम परिचयाचे आहेत. त्यांत डाइक्स्ट्रांना खटकलेली उडी सक्तीने वर्ज्य होती. २०१२ च्या आवृत्तीत मात्र ती वर्ज्यता सल्ल्यापुरती उरली, आणि उडी घ्यायचीच तर कोणत्या दिशेने व कोठपर्यंत, यावर सक्तीचे नियम आले. व्याकरणकारालाही अखेर प्रयोगापुढे थोडे झुकावे लागते.

खरा अवघड प्रश्न द्विरुक्तीचा आहे, आणि या टापूतील कामाचे स्वरूप पाहिल्याखेरीज तो कळत नाही. एका इंजिनाच्या नियंत्रणाची आज्ञावली तयार आहे. थोडे वेगळे इंजिन असलेले नवे मॉडेल काढावयाचे आहे, मुदत जवळ आली आहे. अशा वेळी जुनी आज्ञावली जशीच्या तशी उतरवून घेऊन तीत चार फेरफार करणे हा सर्वांत जवळचा मार्ग. पुढे त्या नकलेची नकल होते. मूळ प्रतीत एक चूक असेल तर ती सर्व वंशजांत उतरते, आणि ती एका वंशजात दुरुस्त केली तरी इतरांत तशीच राहते. कोणत्या प्रतीत चूक आहे यावरून प्रतींचे कूळ ठरवण्याची लाखमनची पद्धत येथे अक्षरशः लागू पडते. फरक एवढाच की, पोथ्यांच्या नकला जपणुकीसाठी होत. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग तरले याची जी लौकिक उपपत्ती देतात, ती लोकांच्या कंठात असलेल्या प्रतींची आहे. आज्ञावलीची नकल बहुधा घाईतून होते. जपणुकीची प्रत मुळाशी इमान राखते. सोयीची प्रत पहिल्याच दिवशी मुळापासून फुटते.

या फुटीची किंमत एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साऱ्या जगाने मोजली. वर्ष दोन अंकांत लिहिण्याची सवय हा मूळ दोष लहान होता. परंतु तारखांची वजाबाकी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या कोबोल आज्ञावलींत हजारो ठिकाणी, दर वेळी निराळ्या नावाने, लिहिलेली होती. एका जागी असती तर दुरुस्ती एका दुपारची होती. त्या जागा शोधणे हे वाचनाचे काम होते, आणि ते पुण्या-मुंबईतील कंपन्यांना मोठ्या प्रमाणावर मिळाले. भारतीय सॉफ्टवेअर व्यवसायाची एक पिढी परक्या, मृत लेखकांचे पाठ वाचून घडली, हे त्या व्यवसायाच्या इतिहासात पुरेशा जोराने सांगितले जात नाही. पुण्यातच १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्राने आज्ञावलीचे विश्लेषण करणारी आणि प्रतिमानावरून ती निर्माण करणारी साधने घडवली. माणसाने मूळ प्रतिमान एकदा लिहावे आणि द्विरुक्ती यंत्राने करावी, अशी ही वाटणी होती.

मग सर्व द्विरुक्ती नष्ट करावी काय? १९९९ साली हंट आणि थॉमस यांनी पुनरुक्ती टाळण्याचा जो नियम मांडला तो पुष्कळांनी अक्षरांचा नियम म्हणून घेतला. मुळात तो ज्ञानाचा नियम आहे : एका गोष्टीविषयीचे ज्ञान एकाच जागी असावे. त्याआधी १९७२ साली पार्नास यांनी हेच दुसऱ्या बाजूने सांगितले होते. त्यांचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटावे, कारण ते शब्दसूची तयार करणाऱ्या आज्ञावलीचे आहे. ओळी वाचा, त्यांतील शब्द फिरवा, वर्णानुक्रम लावा, छापा, अशा क्रमाने भाग पाडण्याऐवजी, पुढे बदलण्याजोगा प्रत्येक निर्णय एका भागात झाकून ठेवावा, असा त्यांचा निकष. काय बदलेल हे ओळखणे म्हणजे इतिहास जाणणे. समजा, एका मॉडेलच्या आज्ञावलीत ९० अंशांची मर्यादा शीतकाच्या तापमानासाठी आहे आणि दुसरीकडे तीच संख्या झडपेच्या कोनासाठी. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या. त्या एक केल्या तर ज्या दिवशी तापमानाची मर्यादा बदलेल त्या दिवशी झडपही हलेल. आपल्या अलंकारशास्त्राने पुनरुक्ती दोष मानली, पण तात्पर्यभेद असेल तेथे तिला लाटानुप्रास म्हणून अलंकारांत जागा दिली. तो विवेक येथे उपयोगी पडतो.

पाठ एक केल्याने धोकाही एकवटतो. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत नष्ट झाले, ते एरियान ४ मधून न बदलता घेतलेल्या आज्ञावलीमुळे. जुन्या बाणाच्या वेगाला पुरणारी संख्या नव्या बाणाला पुरली नाही. आपल्या परिसराशी निगडित उदाहरण २०१५ चे. फोक्सवॅगनच्या एका डिझेल इंजिन-कुळात, प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून वर्तन बदलणारी आज्ञावली होती, हे त्या वर्षीच्या सप्टेंबरात उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहने या घोटाळ्यात सापडली. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबरात ३,२३,७०० वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर झाले. चाकणला बनलेल्या गाड्या त्यांत होत्या. ही चूक नव्हती, लबाडी होती, म्हणून ती एरियानच्या पंक्तीला बसत नाही. पण पाठाच्या दृष्टीने एक तपशील विलक्षण आहे : चाचणी ओळखणाऱ्या त्या भागाला आज्ञावलीत ध्वनिविषयक नाव होते. नावावरून वाचणाऱ्याला तेथे थांबण्याचे कारण नव्हते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ उत्तम, परंतु पाठांतरांनी अबद्ध झालेले, अशी त्यांची भूमिका होती, आणि नवी ओवी कोणी घालू नये असा निर्बंध त्यांनी घातला. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून दुसरी प्रत छापल्यावर त्या शुद्धीकरणात नेमके काय गेले याची चर्चा सुरू झाली, ती अद्याप मिटलेली नाही. एकनाथांनी कोणते पाठ टाकले याची यादी ठेवली नव्हती. आजच्या आज्ञावलीच्या बाबतीत ही अडचण अर्धीच उरली आहे. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंदवही यंत्र आपोआप ठेवते. का बदलली हे मात्र बदलणाऱ्याने लिहिले तरच राहते, आणि तेथे बहुधा ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच असते. एकनाथांनी निदान महिना, तिथी, गोदेचा काठ आणि आपण हे का केले, इतके ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले आहे.