मचाण : शिकारीच्या बैठकीपासून पाणवठ्यावरील पहाऱ्यापर्यंत

दिंडोरी तालुक्यात कादवेच्या काठावरील शेतात आजही चार खांबांवर उभारलेला, वर गवताचे वा ताडपत्रीचे छप्पर असलेला लाकडी माळा अधूनमधून दिसतो. पाखरे राखण्यासाठी बाजरीच्या वा ज्वारीच्या शेतात उभारायचा हा माळा आणि जंगलात झाडाच्या दुबेळक्यात बांधायचे मचाण ही एकाच कुळातील भावंडे. 'मंच' या संस्कृत शब्दाशी मचाणाचे नाते आहे. इंग्रजीनेही शिकारकथांच्या वाटेने हा शब्द आहे तसा उचलला. माळ्यावर बसणाऱ्याच्या हातात गोफण असे, मचाणावर बसणाऱ्याच्या हातात बंदूक. बंदुकीचा काळ कायद्याने संपला. मचाण मात्र संपले नाही, त्याचे काम तेवढे बदलले.

हरणांची शिकार हा राजेरजवाड्यांच्या करमणुकीचा जुना भाग होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगयेला स्वतंत्र स्थान आहे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. दाजीपूरचे जंगल हे त्याच संस्थानाचे राखीव शिकारक्षेत्र होते, ते १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. अशा शिकारीचे ढोबळ मानाने दोन मार्ग होते. एक हाक्याचा. यात माणसांची रांग ढोल-डबे वाजवीत जनावरे पुढे रेटत आणि मचाणावरचा शिकारी ती टप्प्यात येण्याची वाट पाही. दुसरा मार्ग एकट्याने बसण्याचा. पाणवठ्यावर, मोहाच्या झाडाखाली किंवा जनावरांच्या नेहमीच्या वाटेवर उजाडण्यापूर्वी जाऊन बसायचे आणि हालचाल करायची नाही. पहिल्यात थाट होता, दुसऱ्यात कसब.

पहाटेचीच वेळ का, याचे उत्तर हरणांच्या दिनक्रमात आहे. मराठीत आपण सरसकट 'हरीण' म्हणतो, पण दरवर्षी शिंगे गाळणारे सारंग आणि शिंगे न गाळणारे कुरंग असे त्यांचे दोन निराळे गट आहेत. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे कुरंग. सांबर बहुतांशी रात्री चरते आणि उजाडताना दाट झाडीत शिरते. चितळ पहाटे आणि सायंकाळी उघड्यावर येते. त्यामुळे तांबडे फुटण्याच्या आसपासचा तास-दीड तास हा दोन्ही जनावरे दिसण्याचा काळ. नाशिकच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि आकाशात उजेडाची पहिली चाहूल त्याच्या साधारण सव्वा तास आधी लागते. म्हणजे पावणेपाचच्या आत मचाणावर स्थिर होणे भाग. नंतर चढणाऱ्याला जंगल आधी पाहते.

जनावराला फसवणे कठीण असते ते डोळ्यांपेक्षा नाकामुळे. सांबराला निश्चल बसलेला माणूस चटकन ओळखू येत नाही, पण वाऱ्यावर आलेला घामाचा, तंबाखूचा किंवा साबणाचा वास त्याला दुरून कळतो. तो आला की पाय आपटून मोठ्याने दिलेला त्याचा इशारा साऱ्या खोऱ्यात जातो आणि त्या पहाटेपुरता खेळ संपतो. म्हणून जागा निवडताना झाडाआधी वारा पाहावा लागतो. डोंगराळ भागात, मग तो दिंडोरीच्या उत्तरेचा सप्तशृंगी रांगेचा उतार असो वा मेळघाट, सूर्योदयापूर्वी थंड व जड हवा उताराने खाली ओघळते. ऊन चढले की तीच हवा तापून वर सरकू लागते. पहाटे पाच वाजता जनावरांच्या वाटेच्या खालच्या अंगाला बांधलेले मचाण अगदी योग्य असते, आठ वाजता तेच चुकीचे ठरते. जुने शिकारी ऊन पडताच उठत, त्यामागे आळस नव्हता.

झाडाच्या निवडीतही असाच हिशेब असतो. वैशाखात सागाला पाने नसतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या बऱ्याच जंगलांत सर्वांत मुबलक असलेले झाडच आडोशाला निरुपयोगी ठरते. ओढ्याकाठचे जांभूळ, करंज किंवा आंबा उन्हाळ्यातही हिरवा असतो. शेवगा, पांगारा अशी ठिसूळ लाकडाची झाडे कितीही सोयीची दिसली तरी वर्ज्य. आंब्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी नाहीत ना आणि वर आग्या मोहोळ नाही ना, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे लागते. अंधारात या दोन गोष्टी कळतात तेव्हा उशीर झालेला असतो.

बांधणी साधी असते. दुबेळक्यात दोन जाड बल्ल्या आडव्या टाकून काथ्याच्या किंवा वाखाच्या दोराने आवळायच्या, त्यांवर बांबू बसवायचे आणि वर गवत किंवा घोंगडी अंथरायची. घाईच्या वेळी सरळ बाजच झाडाला बांधली जाई. उंची साधारण बारा ते पंधरा फूट. त्याहून उंच गेल्यास वास वरच्या वर जातो, पण खालचे जनावर पानांआड जाते. खरा शत्रू आवाज. बांबूवर बांबू घासला की करकरतो, म्हणून सांध्यांत चिंध्या भरतात. आडोशाला लावायच्या फांद्या त्याच जातीच्या पण दूरच्या झाडाच्या आणाव्या लागतात. जवळच्या फांद्या तोडल्या तर ताज्या जखमा जनावरांना दिसतात आणि परक्या झाडाची पाने दोन दिवसांत निराळ्या रंगाने सुकतात.

हे सारे आदल्या दुपारी करायचे काम आहे. पहाटे फक्त चढायचे. मचाणच अंधारात बांधायला घेणे हा जाणत्यांच्या दृष्टीने वेडेपणा, आणि तो धोका जगात अन्यत्र चांगलाच अनुभवास आला आहे. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवान्याने व ठरावीक हंगामात होते. तेथे पाठीवरून नेऊन झाडाला अडकवायच्या धातूच्या बैठका मिळतात आणि अनेक जण त्या पहाटे काळोखातच लावतात. त्या देशांत शिकारीतील जखमांचे एक मोठे कारण गोळी नव्हे, तर झाडावरून पडणे हे आहे. बैठकीवर बसलेला माणूस सहसा पडत नाही. चढताना, उतरताना आणि खोडावरून बैठकीवर पाय टाकताना तो पडतो. म्हणून जमिनीवरूनच अंगभर पट्टा बांधून तो खोडाला जोडत वर जाणे, दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले ठेवणे आणि बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढणे हे तिथले प्राथमिक धडे. पट्ट्याने वाचलेला माणूसही फार वेळ लोंबकळत राहिला तर पायांतील रक्त साकळून जिवावर बेतू शकते, म्हणून सुटकेची दोरी व सोबत्याला दिलेली वेळ यांनाही तितकेच महत्त्व. प्रकाशासाठी तांबडी बॅटरी वापरतात. हरणांच्या डोळ्यांना तांबडा रंग फारसा जाणवत नाही, निळा मात्र तीव्रतेने जाणवतो.

भारतात मचाणाची सर्वांत गाजलेली रात्र अर्थातच हरणाची नव्हे. १९२६ च्या मे महिन्यात जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावरील मचाणातून मारला. सलग अनेक रात्री जागून काढल्यानंतर तो क्षण आला. त्या शिकारीमागे गढवालच्या यात्रामार्गावर बळी गेलेली माणसे होती. करमणुकीच्या शिकारीशी तिची गल्लत करू नये.

ती करमणूक थांबवणारा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्यांची सोय होती. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला, पण चितळ व सांबर यांची परवान्याने शिकार शक्य होती. मात्र पाणवठ्यावर किंवा जनावरे मीठ चाटायला येतात तेथे दबा धरून मारण्यास आणि कृत्रिम उजेडाच्या वापरास त्या वेळीही मनाई होती. तहानेने आलेल्या जनावराला मारणे हे शिकाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतांनुसारही कमीपणाचे मानले जाई, हे येथे नमूद करायला हवे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही दारेही बंद झाली. शिकारीच्या व्याख्येत 'प्रयत्न' येतो. त्यामुळे बंदूक घेऊन मचाणावर बसलेल्या माणसाला एकही गोळी न झाडता गुन्हेगार ठरता येते. राखीव जंगलात त्यासाठी फांद्या तोडणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली आणखी एक गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे.

बंदूक खाली ठेवली गेली आणि मचाणावर वही आली. वैशाख महिन्यात रानातील बहुतेक पाणी आटते, उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर जनावरांना यावेच लागते आणि पौर्णिमेचा चंद्र रात्रभर असतो. या तिहेरी योगामुळे बुद्धपौर्णिमेची गणना महाराष्ट्रात रुजली. ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा येथे वनकर्मचारी व स्वयंसेवक दुपारनंतर मचाणावर चढतात आणि दुसऱ्या दिवशी उतरतात. अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, बॅटरी नाही, रात्री खाली उतरणे नाही. एकच सांबर तीनदा पाणी प्याले तर ते तीन सांबर होते काय, हा आक्षेप या पद्धतीवर जुनाच आहे आणि तो योग्य आहे. वाघांच्या अंदाजासाठी २००६ पासून देशभर नवी पद्धत आली. तीत जंगलातील खुणांची पाहणी व स्वयंचलित कॅमेरे यांच्यावर भर आहे. वनविभागाने पुढे बुद्धपौर्णिमेच्या रात्रीला 'निसर्गानुभव' असे नाव दिले, ते अधिक प्रामाणिक आहे. त्या रात्रीतून आकडा मिळण्यापेक्षा जंगलाशी नाते जुळते.

नाशिक जिल्ह्यात हा अनुभव घ्यायचा तर येवला तालुक्यातील ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात काळवीट आहेत. तेथे माळरान उघडे असल्याने उंच झाडापेक्षा बुटका आडोसा उपयोगी पडतो. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथील निरीक्षण मनोरे पक्ष्यांसाठी असले तरी त्यांचे तत्त्व मचाणाचेच.

दिंडोरीत मात्र मचाणाचा प्रश्न हौसेचा नाही. द्राक्षबागा आणि कादवा कारखान्याचा ऊस यांनी तालुक्याला पैसा दिला, तसा बिबट्याला बारमाही निवाराही दिला. उसाच्या फडात मादी पिल्ले घालते. तोडणी सुरू झाली की ती सापडतात आणि वनविभागाला ती पुन्हा मादीच्या हवाली करण्याची धडपड करावी लागते. शेतीपंपाची वीज रात्री मिळते तेव्हा पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला नेमक्या बिबट्याच्या वेळेला बांधावर जावे लागते. दिवसा वीज द्या, ही या भागातील मागणी त्यातूनच आली. राखणीसाठी जमिनीवर झोपण्यापेक्षा माळा बरा, हे खरे. पण बिबट्या झाडावर सहज चढतो. म्हणून माळा झाडाला न टेकता मोकळ्या जागी, गुळगुळीत खांबांवर उभा असावा, शिडी वर ओढून घेता यावी आणि खांबांभोवतीचे गवत कापलेले असावे. बिबट्या दबा धरून खाली वाकलेल्या किंवा बसलेल्या आकृतीवर झेप घेतो, तेव्हा माळ्याच्या पायथ्याशी पहाटे शौचाला बसणे हा सर्वांत मोठा धोका आहे. माळ्यावर दिवस मावळण्यापूर्वी चढावे आणि पूर्ण उजाडल्यावरच उतरावे.

पिकाभोवती विजेची तार सोडून रानडुक्कर मारणे हा माळ्याला पर्याय समजला जातो, तो कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय अंधारात बांधावरून चालत येणारा शेजारीही त्या तारेला लागतो. रानडुक्कर व रोही यांच्या उपद्रवासाठी वनविभागाकडे अर्ज करून परवानगी मागण्याची आणि पीकनुकसानीच्या भरपाईची तरतूद आहे. भरपाईसाठी नुकसान झाल्याबरोबर वनपालाला किंवा वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. तोपर्यंत तुडवलेले पीक हलवू नये आणि मातीतील पावलांचे ठसे टोपल्याखाली झाकून ठेवावेत.