जुन्या पिकअप ट्रकमध्ये 'एलएस' इंजिन बसवलंय म्हणे! खरं-खोटं कसं ओळखायचं?

जुना, गंज लागलेला शेवरोले पिकअप ट्रक. बॉनेट उघडतं आणि आत चकचकीत व्ही-८ इंजिन. मग गुरगुराट, टायरचा धूर आणि खाली एक ओळ: 'एलएस स्वॅप्ड'. असे रील्स सध्या अनेकांच्या फीडमध्ये दिसतात.

अमेरिकेत 'ट्रक' म्हणजे आपल्याकडचा दहाचाकी मालट्रक नव्हे, तर घरोघरी वापरला जाणारा पिकअप. तिथे जुन्या पिकअपमध्ये दुसरं, जास्त ताकदीचं इंजिन बसवणं हा मोठा छंद आहे आणि मोठा बाजारही. जाहिरातीत 'कॉर्व्हेटचं इंजिन' असं लिहिलं की किंमत चढते. पण बॉनेटखाली खरंच तेच इंजिन आहे का? ते ओळखता आलं नाही तर पैसे जातातच. शिवाय चुकीचे सुटे भाग घेतले जातात, प्रदूषण चाचणीत गाडी अडकते आणि कधी कधी चोरीचा माल गळ्यात पडतो.

हे ओळखायचं कसं?

'एलएस' म्हणजे नेमकं काय?

जनरल मोटर्सने १९९७ च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये एलएस१ हे नवं इंजिन आणलं. ५.७ लिटर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि ३४५ हॉर्सपॉवर. दोन वर्षांनी, १९९९ च्या मॉडेलपासून, याच घराण्यातली इंजिनं कंपनीच्या पिकअपमध्ये आली. त्यांचे कंपनीतले कोड मात्र वेगळे होते. ४.८ लिटरचं एलआर४, ५.३ लिटरचं एलएम७ आणि ६.० लिटरचं एलक्यू४. पुढे ६.० लिटरचंच जास्त ताकदीचं एलक्यू९ आलं.

बोलीभाषेत या सगळ्यांना 'एलएस' म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो. एलएम७ लाखो पिकअपमध्ये बसलं, त्यामुळे ते भंगारवाल्याकडे सहज आणि स्वस्तात मिळतं. त्याची ताकद वर्षानुसार २७० ते २९५ हॉर्सपॉवर. २००८ च्या कॉर्व्हेटमधलं एलएस३ मात्र ६.२ लिटरचं आणि ४३० हॉर्सपॉवरचं. नाव दोघांचं 'एलएस', पण मोल अजिबात सारखं नाही.

त्यात या घराण्यातली इंजिनं बाहेरून जवळपास सारखीच दिसतात. वर कॉर्व्हेटची कव्हरं चढवली की नवख्या माणसाला फरक कळणं कठीण. म्हणून कव्हरवर काय लिहिलंय याला काडीचीही किंमत देऊ नये. कव्हर चार बोल्ट काढून बदलता येतं.

पहिली पायरी: ट्रक मुळात कोणत्या इंजिनाचा होता?

आधी गाडीचा व्हिन, म्हणजे वाहन ओळख क्रमांक पाहावा. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत तो १७ अक्षरा-अंकांचा असतो. त्यातलं आठवं अक्षर इंजिनाचं आणि दहावं मॉडेल वर्षाचं. १९९९ नंतरच्या शेवरोले-जीएमसी पिकअपमध्ये आठवं अक्षर असं वाचतात:

- व्ही: ४.८ लिटर, एलआर४
- टी: ५.३ लिटर, एलएम७
- यू: ६.० लिटर, एलक्यू४
- एन: ६.० लिटर, एलक्यू९

त्याआधीच्या गाड्यांचा हिशेब वेगळा. उदाहरणार्थ, १९६७ ते १९७१ च्या शेवरोले सी१० चा क्रमांक 'सीई'ने सुरू झाला तर गाडी कारखान्यातून व्ही-८ घेऊन निघाली, 'सीएस'ने सुरू झाला तर सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन.

मात्र व्हिन फक्त मूळ इंजिन सांगतो. आज बॉनेटखाली काय आहे, ते इंजिनालाच विचारावं लागतं.

दुसरी पायरी: एलएस आहे की जुनं स्मॉल ब्लॉक?

शेवरोलेचं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ १९५५ पासूनचं. त्यातलं ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन जुन्या ट्रकांत खूप आढळतं. एलएस१ सुद्धा ५.७ लिटरचंच. म्हणून विक्रेता नुसतं 'फाइव्ह पॉइंट सेव्हन' म्हणाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक सापळा 'व्होर्टेक' या नावाचा. हे नाव कंपनीने एलएस घराण्यातल्या पिकअप इंजिनांना दिलं, तसंच १९९६ पासूनच्या 'व्होर्टेक ५७००' या इंजिनालाही दिलं. ते मात्र जुन्या स्मॉल ब्लॉक घराण्यातलं आहे.

दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये इंजिनाच्या मागच्या बाजूला डिस्ट्रिब्युटर असतो आणि त्यातून आठ प्लगकडे वायरी जातात. एलएसमध्ये सहसा डिस्ट्रिब्युटर नसतोच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, आणि बहुतेक वेळा त्या व्हॉल्व्ह कव्हरवरच बसवलेल्या असतात.

तिसरी पायरी: ब्लॉक कशाचा आहे?

खिशात एक साधं लोहचुंबक ठेवावं आणि ते थेट इंजिन ब्लॉकला लावावं. चिकटलं तर ब्लॉक बिडाचा, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमचा. एलएस१, एलएस२, एलएस३ या कॉर्व्हेटच्या इंजिनांचे ब्लॉक अॅल्युमिनियमचे आहेत. पिकअपमधल्या बहुतेक ४.८, ५.३ आणि ६.० लिटर इंजिनांचे बिडाचे.

म्हणजे जाहिरातीत 'कॉर्व्हेटचं एलएस१' आणि ब्लॉकला चुंबक चिकटतंय, तर दावा तिथेच कोसळतो.

उलट बाजू मात्र खरी नाही. चुंबक चिकटलं नाही म्हणून इंजिन कॉर्व्हेटचं ठरत नाही. कंपनीने काही ५.३ लिटर इंजिनंही अॅल्युमिनियमच्या ब्लॉकची बनवली. २००५ च्या सुमारास पिकअपमध्ये आलेलं ३१० हॉर्सपॉवरचं एल३३ त्यातलंच. आणखी एक काळजी घ्यावी: चुंबक ब्लॉकलाच लावावं. सिलिंडर हेड बहुतेक एलएस इंजिनांत अॅल्युमिनियमचीच असतात, त्यामुळे हेडवर केलेली परीक्षा फसवते.

चौथी पायरी: आकडे शोधा

इंजिनावर दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांचा अर्थ वेगवेगळा असतो.

पहिला कास्टिंग नंबर. हा ओतकामातच उठावदार उमटलेला असतो. तो तो भाग कोणत्या साच्यातला आहे ते सांगतो. एकाच साच्यातून अनेक प्रकारची इंजिनं बनतात, त्यामुळे तो एकटा पुरेसा नसतो. जुन्या स्मॉल ब्लॉकमधला '३९७००१०' हा प्रसिद्ध नंबर याचं उत्तम उदाहरण. हा ब्लॉक मोटारींतही आला आणि ट्रकमध्येही, साध्या इंजिनातही आणि ताकदीच्या इंजिनातही.

दुसरा पंच केलेला नंबर. हा इंजिन तयार झाल्यावर किंवा गाडीत बसवताना उमटवलेला असतो. जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये तो समोरून, चालकाशेजारच्या सीटच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे असलेल्या सपाट जागेवर सापडतो. त्याच्या शेवटची अक्षरं इंजिनाचा प्रकार सांगतात. ही जागा घासून नवीन नंबर ठोकलेला दिसला तर तो धोक्याचा इशारा समजावा.

एलएस घराण्यात ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे सहसा नऊ अंकांचा क्रमांक असतो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असल्याने ही चालकाची बाजू. यातले शेवटचे सहा अंक म्हणजे हे इंजिन मुळात ज्या गाडीत बसवलं होतं तिच्या व्हिनचे शेवटचे सहा अंक. ते समोरच्या ट्रकच्या व्हिनशी जुळले नाहीत तर इंजिन दुसऱ्या गाडीतून आलंय हे उघड आहे. स्वॅप केलेल्या गाडीत हे अपेक्षितच असतं. प्रश्न उरतो तो एवढाच, की ते कोणत्या गाडीतून आलं.

सिलिंडर हेडवरचे आकडेही मदत करतात. कास्टिंग नंबरचे शेवटचे तीन अंक पाहायचे. ७०६ किंवा ८६२ असेल तर हेड ४.८ किंवा ५.३ लिटर पिकअपचं. ३१७ असेल तर ६.० लिटरचं. २४१ असेल तर एलएस१ चं. २४३ एलएस६ आणि एलएस२ वर आढळतं. पण हेड बदलणं तुलनेने सोपं असतं. त्यामुळे २४३ चं हेड पाहून लगेच खूश होऊ नये, खाली ५.३ चा ब्लॉक असू शकतो.

४.८ की ५.३? सगळ्यात अवघड प्रश्न

या दोन इंजिनांचा ब्लॉक एकच आहे. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास ९६ मिलिमीटर. फरक फक्त पिस्टनच्या धावेत, म्हणजे स्ट्रोकमध्ये. ४.८ चा स्ट्रोक ८३ मिलिमीटर, ५.३ चा ९२. बाहेरून हे दिसणं शक्य नाही.

यावर उपाय म्हणजे स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे वायरीच्या टोकाचा छोटा कॅमेरा आत सोडणं. एलएम७ च्या पिस्टनचा माथा बशीसारखा खोलगट असतो, तर ४.८ चा सपाट. यातही अपवाद आहे. अॅल्युमिनियम ब्लॉकच्या एल३३ चे पिस्टनही सपाट असतात. म्हणून चुंबक आणि कॅमेरा या दोन्हींची साक्ष एकत्र घ्यावी लागते.

पिढी कोणती, हेही महत्त्वाचं

एलएस घराण्याच्या दोन पिढ्या आहेत: तिसरी आणि चौथी. सुटे भाग आणि वायरिंग घेताना चुकीची पिढी धरली तर गाडी सुरूच होत नाही. ओळखण्याच्या खुणा अशा:

- नॉक सेन्सर: तिसऱ्या पिढीत इनटेक मॅनिफोल्डखाली, दोन्ही हेडच्या मधल्या खोलगट भागात. चौथ्या पिढीत ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना.
- कॅमशाफ्ट सेन्सर: तिसऱ्या पिढीत इंजिनाच्या मागे, वरच्या बाजूला. चौथ्या पिढीत समोर, टायमिंग कव्हरवर.

एलएस३ चौथ्या पिढीतलं आहे. त्यामुळे 'एलएस३' म्हणून विकल्या जाणाऱ्या इंजिनाचा कॅम सेन्सर मागे सापडला तर विक्रेत्याला थेट जाब विचारावा.

कंप्युटरही बोलतो

इंजिनासोबत बहुतेक वेळा त्याचा कंप्युटरही जुन्या गाडीतून काढून आणलेला असतो. त्याला ओबीडी-२ स्कॅनर जोडला तर त्यात साठवलेला व्हिन बऱ्याचदा वाचता येतो. तो इंजिनदात्या गाडीचा असतो. त्यातलं आठवं आणि दहावं अक्षर वाचलं की मूळ इंजिन आणि वर्ष कळतं. हा व्हिन बदलता येतो हे खरं. म्हणून तो ब्लॉकवरच्या सहा अंकांशी जुळवून पाहावा. दोन्ही जुळले तर पुरावा भक्कम.

तो पूर्ण व्हिन अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या डिकोडरवर मोफत तपासता येतो. ती गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का, हे एनआयसीबी या विमा क्षेत्रातल्या संस्थेच्या 'व्हिनचेक' सेवेवर पाहता येतं. व्हिन खोडणं किंवा त्यात फेरफार करणं हा अमेरिकेत संघराज्य कायद्याखाली गुन्हा आहे.

आवाजावर विश्वास ठेवावा का?

नाही. थांबून थांबून येणारा 'ढब-ढब' आवाज हा सहसा बदललेल्या कॅमशाफ्टचा असतो. कॅमशाफ्ट साध्या ५.३ मध्येही बसवता येतो. त्यावरून इंजिनाचा आकार कळत नाही. ताकदीचा दावा मोठा असेल तर डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर केलेल्या चाचणीचा कागद मागावा. कंपनी सांगते ती ताकद इंजिनाची असते, चाकांवर ती नेहमी कमीच भरते. म्हणून आकडा कुठे मोजलाय तेही विचारावं.

इंजिन खरं निघालं, मग पुढे?

ताकद वाढली की थांबण्याची सोयही वाढायला हवी. १९७१ च्या आधीच्या सी१० मध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. त्यात आधुनिक व्ही-८ बसवलं आणि ब्रेक तसेच ठेवले, तर तो ट्रक चालवणाऱ्यालाही धोकादायक आणि रस्त्यावरच्या इतरांनाही. ब्रेक, गिअरबॉक्स, इंजिन माउंट आणि इंधनाच्या नळ्यांचं काम कोणी केलं, याच्या पावत्या मागाव्यात.

कायदा राज्यानुसार बदलतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी विशेष लक्ष द्यावं. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदललं असेल, तर नवं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यापेक्षा नवं असावं लागतं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी उपकरणं जागेवर असावी लागतात. सरकारने नेमलेल्या 'रेफरी'कडून तपासणी झाली की गाडीवर तसं लेबल लागतं. लेबल नसेल तर हे काम नव्या मालकाच्या डोक्यावर येतं.

आपल्याकडे काय?

भारतात गोष्ट आणखी कडक आहे. इथे आरसीवर चेसिस नंबरसोबत इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मधल्या निकालात हे स्पष्ट केलं. म्हणून जुनी जीप किंवा पिकअप घेताना ब्लॉकवरचा नंबर आरसीशी अंकन् अंक जुळवून पाहावा. जुळत नसेल आणि आरटीओची मंजुरी दाखवता येत नसेल, तर नोंदणी ट्रान्सफर करताना अडचण येते आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडू शकतो.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

- कव्हर, स्टिकर आणि आवाज हा पुरावा नाही.
- आधी व्हिन, मग चुंबक, मग आकडे, शेवटी स्कॅनर आणि कॅमेरा.
- कोणतीही एक खूण पुरेशी नाही. तीन-चार खुणा एकाच उत्तराकडे बोट दाखवत असतील तरच दावा मान्य करावा.
- विक्रेता इंजिनाचे फोटो देतो पण नंबरचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, तर सौदा तिथेच थांबवलेला बरा.